मावळातील राखण : गडाच्या मेटापासून घराच्या कॅमेऱ्यापर्यंत

मराठीत पहारा, राखण आणि पाळत हे तीन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ एक नव्हेत. पहारा हा प्रहराशी, म्हणजे वेळेशी, बांधलेला आहे. तो बदलतो आणि संपतो. राखण हा शब्द ‘रक्षण’ या संस्कृत शब्दाचा वंशज असून राखणाऱ्याची जबाबदारी त्यात गृहीत धरलेली असते. राखलेली वस्तू गेली, तर राखणारा जाब देतो. पाळत मात्र वस्तूवर नसून माणसावर असते, आणि ज्याच्यावर ती ठेवली जाते तो आधीच संशयित ठरलेला असतो. मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळा-खंडाळा परिसरातील बंगल्यांवर, अलीकडे बिनतारी कॅमेरे सर्रास बसविले जातात. हे यंत्र पहारा करते, राखण करते की पाळत ठेवते, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ज्या प्रदेशात राखणीची एक दीर्घ, वतनबद्ध आणि बऱ्याच अंशी कागदोपत्री नोंदलेली परंपरा होती, त्या प्रदेशात या यंत्राने त्या परंपरेचे कोणते अंग उचलले आणि कोणते टाकले, हे पाहण्यासारखे आहे.

मावळचा लिखित इतिहास ज्या लेखांपासून सुरू होतो, त्यांतच या विषयाची एक बाजू अनपेक्षितपणे सापडते. कार्ले येथील लेण्यात एका राजाज्ञेचा लेख आहे. लेखाचा आरंभ खंडित असल्याने राजाचे नाव उरलेले नाही; तथापि बहुतेक विद्वान तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. आज्ञा ‘मामाड’ येथील अमात्यास उद्देशून आहे, आणि मामाड अथवा मामाल म्हणजेच आजचे मावळ, ही ओळख सामान्यतः स्वीकारली गेली आहे. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजक गावातील जमीन देताना राजा त्या जमिनीला काही परिहार देतो. ती ‘अपावेस’ म्हणजे राजपुरुषांनी प्रवेश न करण्याजोगी, ‘अनोमस’ म्हणजे कोणी हात न लावण्याजोगी, ‘अलोणखादक’ म्हणजे मिठासाठी न खणण्याजोगी, आणि ‘अरठसविनयिक’ म्हणजे प्रांताच्या बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपापासून मुक्त असावी, असे त्यात म्हटले आहे. नाशिकच्या लेखांतही हीच परिभाषा आढळते. ती त्या काळच्या दानपत्रांची ठराविक भाषा होती, हे खरे. परंतु बाहेरच्या अधिकाराने आत येऊ नये, ही आतल्याला दिलेली हमी म्हणजेही एक प्रकारचे संरक्षण होय, हा विचार मावळात सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला आहे. राखणीचा इतिहास लिहिताना चोराचा विचार नेहमी होतो. राखणारा स्वतःच आत शिरेल, या भयाचा विचार क्वचितच होतो. तो मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मध्ययुगात मावळची राखण म्हणजे प्रथमतः घाटाची राखण होती. बोरघाट हा कोकणातून देशावर येण्याचा प्राचीन मार्ग. त्याच्या माथ्यावर राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले, पूर्वेस लोहगड व विसापूर, पवनेच्या खोऱ्यावर तुंग आणि तिकोना, आणि दक्षिणेस कोरीगड अशी ही साखळी आहे. यांपैकी लोहगडाचा अभ्यास राखणीच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरतो. शिवछत्रपतींनी तो १६४८ साली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० साली तो परत मिळविला. पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणीसांनी आपली संपत्ती येथे सुरक्षिततेसाठी ठेवली होती, यावरून समकालीनांचा या गडाच्या राखणीवर केवढा भरवसा होता ते कळते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे नागमोडी वाटेवर एकामागून एक येतात. चढणारा प्रत्येक वळणावर वरच्या तटावरून दिसत राहतो, त्याला मात्र पुढचा दरवाजा अखेरपर्यंत दिसत नाही. विंचूकाटा म्हणून ओळखली जाणारी लांब सोंड डोंगरापासून पुढे गेलेली आहे. तिच्या टोकावर उभा असलेला मनुष्य खोऱ्याच्या दोन्ही अंगांना पाहू शकतो. २०२५ साली युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जे बारा दुर्ग जागतिक वारशात समाविष्ट केले, त्यांत लोहगड आहे.

तथापि, राखण दगडी तटाने होत नाही, ती तटावरच्या माणसांच्या रचनेने होते, हे मराठी राज्यकर्त्यांनी फार स्पष्टपणे ओळखले होते. सभासदाच्या बखरीत गडाच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांनी एका प्रतीचे म्हणून मिळून कारभार करावा, कोणा एकाच्या हाती गड राहू नये, असा तिचा आशय. मोठ्या गडांवर तटाच्या विभागांसाठी निराळे तटसरनोबत नेमले जात. एका डोळ्यावर दुसरा डोळा ठेवण्याची ही रीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ती आणखी पुढे नेलेली दिसते. हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस व कारखाननीस पाच वर्षांनी बदलावेत, असा त्यात दंडक आहे. फार दिवस एके ठिकाणी राहिलेला राखणदार ती जागा आपली समजू लागतो, एवढे मनुष्यस्वभावाचे ज्ञान या नियमामागे आहे. गडाखाली घेऱ्यातील मेटांवर कोळी, रामोशी, महार इत्यादी समाजांतील माणसे वसविलेली असत. खालचे रान, चोरवाटा आणि नवखा माणूस यांची खबर प्रथम त्यांनाच लागे, आणि त्यांच्या डोळ्यांवाचून वरचा तट आंधळाच होता.

आज्ञापत्रातील दुसरा एक नियम लोहगडाच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला. गडासमोर गडाला मारगिरी करील असा दुसरा पर्वत असू नये. असल्यास तो सुरुंग लावून गडाच्या आहारी आणावा, ते अशक्य असल्यास तोही बांधून मजबूत करावा, असे अमात्य सांगतात. लोहगडासमोरचा विसापूर लोहगडापेक्षा थोडा उंच आहे. तो बांधलेला होता, पण मार्च १८१८ मध्ये प्रोथर याच्या हाताखालील इंग्रज फौजेने प्रथम विसापूर घेतला आणि त्यानंतर लोहगड लढविण्यात काही अर्थच उरला नाही. चार दरवाजे, नागमोडी वाट आणि विंचूकाटा ही सारी सिद्धता एका चुकीच्या बाजूस राहिली. कोणतीही राखण तिच्या सर्वांत मजबूत जागेवरून मोजता येत नाही, ती तिच्यावर नजर टाकणाऱ्या उंचीवरून मोजावी लागते. घरावर कॅमेरा लावणाऱ्या कारागिराला हे सूत्र आज्ञापत्र न वाचताही अनुभवाने ठाऊक असते.

गडांची राखण ही राज्याची होती. घराची राखण गावाची होती. तिचे सर्वांत उत्तम वर्णन एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात आहे. गावच्या जागल्याने रात्री गस्त घालावी, कोण आला व कोण गेला हे पाहावे, नवख्याची खबर पाटलाला द्यावी, आणि गावातील प्रत्येकाचा स्वभाव जाणून असावे, अशी त्याची कामे होती. एल्फिन्स्टनचे एक निरीक्षण मार्मिक आहे. जागल्याचा मोबदला घरोघरच्या धान्याच्या लहानशा वाट्याच्या रूपाने मिळत असल्याने, आपला हक्क किती होतो हे ठरविण्यासाठी आणि तो गोळा करण्यासाठी त्याला सतत फिरावे लागे, आणि त्या फिरण्यातूनच त्याला गावाचे ज्ञान होई. म्हणजे वेतनाची पद्धतच पाहणीची पद्धत होती. आजच्या पगारी रखवालदाराला महिन्याच्या अखेरीस वेतन बसल्या जागी मिळते. त्यात ही युक्ती नाही.

चोरी झाल्यानंतरची रीत याहून महत्त्वाची होय. जागल्या चोराचा माग काढी. पायांचे ठसे ओळखण्याची ही विद्या दख्खनप्रमाणेच गुजरातेतही होती. तेथे तिच्या जाणत्यास पगी म्हणत. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील जागल्याची खात्री पटविली, की पहिल्याचे कर्तव्य संपे आणि दुसऱ्याचे सुरू होई. ज्या गावापर्यंत माग निःसंशय पोहोचला आणि जेथून तो पुढे गेला नाही, ते गाव चोरीच्या मालास जबाबदार धरले जाई. जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई द्यावी, उरलेली गावाने वाटून घ्यावी, अशी पद्धत होती. संपूर्ण भरपाई प्रत्येक वेळी वसूल होत नसे, आणि तशी वसुली अन्यायाचीच ठरली असती, हेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे. तरीही तत्त्व स्पष्ट होते. पाहणारा आणि भरून देणारा एकच होता. ज्याने पाहिले नाही त्याने भरावे, हा नियम पाहण्याला धार आणीत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाणे मात्र इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. जागल्याचे काम ज्या समाजांच्या वाट्याला आले, त्यांना गावकुसाच्या आत घर नव्हते. रात्रभर जागून ज्या घरांची राखण करावयाची, त्या घरांच्या ओट्यावर चढण्याचा अधिकार महार जागल्यास नव्हता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेपद्धतीतील ढिलाई आणि अडवणूक यांची चर्चा आहे. ती बरीचशी कारभाऱ्याच्या दृष्टीची आहे, राबणाऱ्याच्या दृष्टीची नाही. त्या दुसऱ्या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि नाममात्र मोबदल्यावर चोवीस तास राबविणारे हे बंधन कसे गुलामीचे आहे, हे दाखवून दिले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला.

दरम्यान राखणदाराचे एक विलक्षण रूपांतर घडून आले. पुरंदर व आसपासच्या प्रदेशातील रामोशांचे राखणीचे हक्क नव्या अमलात गेल्यावर उमाजी नाईकांचा उठाव झाला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. पुढील वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशने रामोशांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही उपयुक्त आहे, परंतु ज्यांना पकडावयाचे त्यांची ओळख पटविण्यासाठी तो लिहिला गेला हे विसरता येत नाही. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटलाची जागा निश्चित केली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच संशयित ठरविण्याचे तत्त्व रूढ केले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्यांच्याकडे राखण होती, त्यांच्यावर पाळत आली. आणि तरीही पुणे-मुंबईकडील गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर रात्रीचा चौकीदार म्हणून रामोशीच ठेवण्याची प्रथा होती. त्याला ठेवले म्हणजे चोरी होत नाही, असा समज त्यामागे असे. संशय आणि विश्वास एकाच माणसावर एकाच पगारात ठेवण्याचा हा प्रकार वसाहतकालीन घराच्या राखणीचे खरे स्वरूप सांगतो.

लोणावळ्याचा बंगला या परंपरेतूनच जन्मला. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५८ साली खंडाळा-पुणे आणि १८६३ साली घाटातील लोहमार्ग सुरू झाला. लहानसे खेडे होते तेथे हवा खाण्याचे ठिकाण उभे राहिले. मुंबईच्या धनिकांनी, त्यांत पारशी व गुजराती कुटुंबे बरीच, येथे बंगले बांधले. या बंगल्याचे एक वैशिष्ट्य असे, की तो वर्षातील बहुतेक दिवस बंद असतो. तळेगावच्या दाभाड्यांसारख्या सरदारांच्या वाड्यांना देवडी होती, रस्त्याच्या बाजूस खिडक्या कमी, आणि वाकून शिरावयास लावणारी दिंडी होती. पण त्या वाड्यांची मुख्य राखण आतल्या माणसांच्या वर्दळीने होई. बंद बंगल्यास ती वर्दळ नाही. त्याची किल्ली माळ्याकडे किंवा रखवालदाराकडे, आणि हा रखवालदार बहुधा जवळच्याच वाडीतला. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई-पुणेकरांच्या अशा दुसऱ्या घरांची संख्या झपाट्याने वाढली. मालक दूर आणि राखणदार जवळ, हे अंतर तारेने, आणि पुढे बिनतारी, भरून काढण्याची गरज येथे निर्माण झाली.

यंत्राचा स्वतःचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. बंदिस्त मंडलाचे दूरचित्र प्रथम १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे वापरले गेले. वाल्टर ब्रुख या अभियंत्याने अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी ते उभारले. घरासाठी त्याचा विचार करणारी पहिली व्यक्ती म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन हिचे नाव घेतले जाते. तिचे कामाचे तास अवेळी असत, वस्तीत पोलीस वेळेवर येत नसत. पतीच्या साहाय्याने तिने दारातील निरनिराळ्या उंचीच्या भोकांतून पाहणारा कॅमेरा, आतल्या खोलीतील पडदा, बोलण्याची सोय आणि दूरवरून कडी उघडणारे बटण अशी योजना केली. १९६६ साली केलेल्या अर्जावर तिला १९६९ साली पेटंट मिळाले. येथे एक भेद लक्षात घ्यावा. ब्राऊनबाई घराच्या आत होत्या व बाहेर पाहत होत्या. लोणावळ्याचा बंगलेवाला बाहेर, शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, आणि पुष्कळदा आत पाहतो आहे.

लोणावळ्यात या यंत्राची निवड करताना दुकानातील जाहिरातीपेक्षा येथील भूगोलाचा विचार अधिक करावा लागतो. ‘बिनतारी’ हे विशेषण अर्धेच खरे आहे. चित्र वायफायच्या लहरींवरून जाते, पण वीज बहुधा तारेनेच येते. ज्यांत तीही नको असते ते बॅटरीचे कॅमेरे हालचाल झाली तरच जागे होतात आणि जागे होण्यास क्षणभर वेळ घेतात. तेवढ्यात वेगाने जाणारा चौकटीबाहेर गेलेला असतो. सोलर पॅनेलचा आधार घेतला, तर जून ते सप्टेंबर या काळात ढगांखाली तो पुरत नाही. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावी घर सर्वाधिक बंद असते ते आडदिवशी, आणि वीज सर्वाधिक जाते तीही पावसाळ्यात. याच डोंगरांवर पडणाऱ्या पाण्यातून १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्राने मुंबईला वीज पुरविली; परंतु घाटमाथ्यावरचा बंगला वादळी रात्री अंधारात जातो, आणि त्याबरोबर राउटरही. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी राउटरला इन्व्हर्टर जोडणे हे येथील पहिले काम होय.

आवरणावर लिहिलेल्या आकड्यांतील पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा असतो. ६६ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि जोराच्या झोताने पाणी आत न शिरणारे. ६७ म्हणजे थोडा वेळ एक मीटर पाण्यात बुडाले तरी टिकणारे. मावळात ६६ च्या खालचे यंत्र उघड्यावर लावू नये. पण हे आकडे यंत्राचे आहेत, तारेच्या जोडाचे नव्हेत, आणि पाणी शिरते ते जोडातूनच. जोड पन्हळीखाली, बंद डबीत ठेवावा आणि तारेला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलावरून गळून जातो. धुक्याचा उपाय मात्र कठीण आहे. रात्री कॅमेरा अवरक्त दिव्याच्या प्रकाशात पाहतो. धुक्याचे कण तो प्रकाश परत फेकतात आणि पडद्यावर पांढरा पडदाच उरतो. अशा ठिकाणी दिवा कॅमेऱ्याजवळ न ठेवता बाजूला, निराळ्या खांबावर लावल्यास पुष्कळ फरक पडतो. भिंतींचेही तसेच. जुन्या बंगल्यांच्या काळ्या दगडाच्या दीड-दोन फूट जाड भिंती लहरींना अडवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातल्या त्यात अधिक दूर व आत पोहोचतात, ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असल्या तरी लवकर क्षीण होतात. यास्तव फाटकावरच्या कॅमेऱ्याला पहिल्याच प्रकारच्या लहरी सोयीच्या, आणि दोन भिंती आड असतील तर मध्ये एक पुनःप्रक्षेपक हवाच. जेथे तार नेणे शक्य आहे तेथे ती न्यावी, हा जाणत्यांचा सल्ला उगाच नव्हे. लहरी बाहेरून बिघडविता येतात, जमिनीखालून नेलेली तार तितक्या सहज तुटत नाही.

जागेची निवड हा विसापूरचा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाचा चेहरा निःसंशय ओळखू येण्यास चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० चित्रबिंदू लागतात; कोणीतरी आले एवढे कळण्यास २५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० बिंदूंचे असते. म्हणजे चौकटीत साडेसात मीटरांहून अधिक रुंद दृश्य आले, की चेहऱ्याची खात्री संपली. नव्वद अंशांच्या भिंगाला ही मर्यादा पावणेचार मीटरांच्या आसपासच गाठते. बंगल्याच्या कोपऱ्यावर उंच लावलेला आणि सारे आवार एका नजरेत दाखविणारा कॅमेरा मालकाला फार आवडतो. तो चोर आला हे सांगेल, कोण आला हे सांगणार नाही. त्यासाठी दुसरा कॅमेरा फाटकापाशी, आठ-दहा फुटांच्या उंचीवर हवा. आणि शेजारच्या डोंगरउतारावरून ज्या बाजूने आवारात उतरता येते, ती बाजू पुढच्या कमानीपेक्षा अधिक महत्त्वाची.

साठवणीचे गणित साधे आहे. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने सतत मुद्रण केले, तर दिवसाला जवळजवळ ११ गिगाबाइट जागा लागते. १२८ गिगाबाइटचे कार्ड अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहू लागते. महिन्यातून एकदा येणाऱ्या मालकाला त्यामुळे आधीच्या दोन-तीन आठवड्यांचे काहीच मिळत नाही. कार्ड कॅमेऱ्यातच असेल, तर चोर कॅमेऱ्यासह पुरावाही नेतो. दूरच्या संगणकावर साठवण करावी, तर चार कॅमेऱ्यांना प्रत्येकी दोन मेगाबिट धरून आठ मेगाबिटांचा वर जाणारा वेग अखंड लागतो. शिवाय तेथे ते चित्र कोण पाहते, हा कार्ल्याच्या लेखातील ‘अपावेस’चा प्रश्न नव्याने उभा राहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या विघातक प्रणालीने जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललाच नव्हता, एवढेच त्याचे कारण होते. राखणदारच शत्रूचा हेर व्हावा, हे अमात्यांना बदल्यांचा नियम करावयास लावणारे भय येथे यंत्राच्या बाबतीत खरे ठरले. भारत सरकारने २०२४ साली कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेची किमान मानके बंधनकारक करणारी अधिसूचना काढली व २०२५ पासून ती अमलात आली. त्या प्रमाणनाची खूण पाहून खरेदी करणे आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलणे, ही आजची किल्लेदारी होय.

कॅमेऱ्याने दिलेली साक्ष न्यायालयात कशी उभी राहते, याचा निर्णायक खटला महाराष्ट्रातूनच गेला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रमुद्रणावरून ठरवावयाचे होते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र न्यायालयात न आणता त्याची प्रत सादर करावयाची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. जागल्याने माग शिवेवर नेऊन दुसऱ्या जागल्याची खात्री पटविल्याशिवाय त्याचे म्हणणे पूर्ण होत नसे. पुराव्याच्या हस्तांतराला साक्ष हवी, हे तत्त्व तेथेही होते आणि येथेही आहे.

भरपाईचे तत्त्व मात्र कोठेच उरले नाही. कॅमेरा काही भरून देत नाही. त्याचा निर्माता देत नाही, बसविणारा देत नाही. चोरी झाल्यावर जबाबदारी पुन्हा त्या बंगल्याच्या रखवालदारावर येते, आणि आता त्याच्याविरुद्ध चित्रही असते. १९८१ च्या महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक कायद्याने या पेशाला काही संरक्षण दिले, पण आवारातल्या खोलीत कुटुंबासह राहून माळीकाम, साफसफाई व राखण एकत्र करणारा मनुष्य त्या चौकटीत सहज बसत नाही. त्याच्या खोलीचे दार, त्याच्या मुलांचे अंगण, त्याच्या घरातील स्त्रियांची पाण्याची वाट या साऱ्या गोष्टी मालकाच्या मोबाइलवर दिसत राहतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. परंतु २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४ साली झेकोस्लोव्हाकियाच्या एका वारस राज्यातून, चेक प्रजासत्ताकातून, आलेल्या प्रकरणात असे ठरविले, की घराचा कॅमेरा सार्वजनिक पायवाट टिपू लागला म्हणजे तो निव्वळ घरगुती राहत नाही. मालकाच्या आवारातील नोकराच्या दाराचे काय, हा प्रश्न त्या निर्णयाच्या बाहेरच राहिला. बहुतेक यंत्रांत चौकटीतील ठराविक भाग झाकून ठेवण्याची सोय असते. बसविणाऱ्याला ती वापरावयास सांगणे मालकाच्या हाती आहे, आणि तिला काही खर्चही येत नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण नोंदविण्यासारखी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गावोगावच्या वतनांचे, हक्कांचे आणि तंट्यांचे मोडी कागद आहेत, आणि त्यांवरून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची राखण कशी चाले हे पुष्कळ अंशी उभे करता येते. लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे कॅमेरे दररोज जेवढे टिपतात, तेवढे त्या दफ्तरात कोणत्याही कारकुनाने आयुष्यात लिहिले नसेल. पण ते अकरा-बारा दिवसांनी पुसले जाते. पुढील संशोधकास त्यांतले काही मिळालेच, तर ते पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यांत, न्यायालयाच्या निकालपत्रांत आणि यंत्रांच्या खरेदीच्या पावत्यांत मिळेल. या तीन प्रकारच्या कागदांचे जतन करण्याची कोणतीही पद्धतशीर योजना तालुका पातळीवर झाल्यास मावळच्या सामाजिक इतिहासाला तिचा उपयोग होईल, आणि तिचा आरंभ वडगाव येथील न्यायालयाच्या जुन्या निकालपत्रांपासून करता येईल.